वडीलधाऱ्यांनी गाडी चालवणं कधी थांबवावं? घरच्यांसाठी माहिती

लग्न, शाळाप्रवेश, उमरा, घराची दुरुस्ती अशा गोष्टींवर आपल्या घरांत सगळे एकत्र बसून बोलतात. पण अब्बांनी किंवा अम्मींनी गाडी चालवणं कधी बंद करावं, यावर बहुतेक घरांत कधीच बोलणं होत नाही. विषय निघतो तो गाडी कुठेतरी घासून आल्यावर, नाहीतर बिल्डिंगच्या वॉचमनने हळूच काही सांगितल्यावर. त्या वेळी मुलगा चिडलेला असतो, वडील दुखावलेले असतात, आणि मग महिनाभर कुणी नाव काढत नाही.

आम्हा शिक्षकांकडे हा प्रश्न शाळेच्या गेटवर येतो. नातवंडांना सोडायला आणि न्यायला येणारे दादा-नाना बरेच असतात, काही स्कूटरवर, काही कारने. सुना आणि मुली आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "त्यांना आता नीट दिसत नाही, पण सांगणार कोण?" आम्ही डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण कायदा, आरोग्य आणि रोजच्या सोयी या तिन्ही बाजूंनी जी माहिती घरात असायला हवी, ती इथे एकत्र मांडत आहोत. इथे गाडी म्हणजे कार आणि दुचाकी दोन्ही, हे लक्षात ठेवावं.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: थांबण्याचं कुठलंही ठरलेलं वय नाही, म्हणून वय नको, गाडी चालवण्याची पद्धत बघा. आणि किल्ली मागण्याआधी जाण्या-येण्याची दुसरी सोय उभी करा. दुसरी गोष्ट केली नाही, तर पहिली कुणी ऐकत नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात खासगी गाडी चालवण्यासाठी वयाची वरची मर्यादा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर खासगी गाडीच्या लायसन्सची मुदत अशी आहे:

- ३० वर्षांच्या आत लायसन्स काढलं किंवा नूतनीकरण केलं, तर वयाच्या ४० पर्यंत.
- ३० ते ५० च्या दरम्यान, तर १० वर्षं.
- ५० ते ५५ च्या दरम्यान, तर वयाच्या ६० पर्यंत.
- ५५ पूर्ण झाल्यावर, दर वेळी ५ वर्षं.

म्हणजे ६८ व्या वर्षी नूतनीकरण केलं की ७३ पर्यंत काळजी नाही, आणि ७३ ला केलं की ७८ पर्यंत. चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला फॉर्म १-ए म्हणतात. त्यात डॉक्टरांनी मुख्यतः लांबची नजर, ऐकू येणं, हात-पाय आणि सांधे यांच्याकडे लक्ष द्यायचं असतं. मुदत संपण्याआधी किंवा संपल्यावर एक वर्षाच्या आत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. एक वर्षाहून जास्त उशीर झाला तर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वी मुदत संपल्यावरही लायसन्स ३० दिवस चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ही सवलत गेली. आता मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी चालवणं म्हणजे लायसन्सशिवाय चालवणं. अशा वेळी अपघात झाला तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते. म्हणून आज घरी गेल्यावर अब्बांच्या लायसन्सवरची तारीख बघून घ्या.

या कायद्यातलं कलम १६ फार थोड्यांना माहीत असतं. एखादी व्यक्ती आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे गाडी चालवायला योग्य नाही असं मानायला सबळ कारण असेल, तर आरटीओ त्या व्यक्तीकडे नव्याने वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतं किंवा लायसन्स रद्द करू शकतं, मुदत शिल्लक असली तरी. आणि आपली तब्येत गाडी चालवण्याजोगी नाही हे माहीत असूनही चालवली, तर कलम १८६ खाली तो गुन्हा आहे.

पाच वर्षं हा काळ मोठा आहे. ६८ ते ७३ या दरम्यान मोतीबिंदू वाढतो, गुडघा जातो, शुगरची गोळी जाऊन इन्सुलिन येतं. त्यातलं काहीच आरटीओला कळत नाही. ते घरच्यांनाच दिसतं, म्हणून निर्णयही घरातच व्हायला हवा.

वयाबरोबर काय बदलतं

डोळे. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग धूसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यावर आला की पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो. मोतीबिंदूत दिव्याभोवती वलय दिसतं आणि रात्रीचा त्रास वाढतो. तो ऑपरेशनने बरा होतो, आणि त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने कित्येक जण पुन्हा छान गाडी चालवतात. काचबिंदूचं तसं नाही. त्यात कडेची नजर हळूहळू जाते आणि दुखत-खुपत काही नाही. असा माणूस समोरची नंबरप्लेट वाचू शकतो, पण डावीकडून येणारी रिक्षा त्याला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब आणि कडेची नजर तपासून घ्यावी. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर अंधेरी-विलेपार्ले भागात कूपर आणि घाटकोपरला राजावाडी ही पालिकेची रुग्णालयं आहेत.

नजरेची एक सोपी परीक्षा घरीच करता येते. लायसन्सच्या नियमांत दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता यायला हवी, चष्मा असेल तर चष्म्यासह, असं म्हटलं आहे. बेस्टच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या की साधारण तेवढं अंतर होतं. सोसायटीच्या गेटवर उभं राहून बघा. वाचता आली म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, पण नाही आली तर त्याच दिवशी गाडी थांबवून डोळ्याच्या डॉक्टरकडे जायला हवं.

मान, गुडघे, पाय. मान वळत नसेल तर माणूस फक्त आरशावर भरवसा ठेवतो, आणि आरशात न दिसणारी जागा प्रत्येक गाडीला असते. गुडघेदुखीत पाय ब्रेकवर उशिरा जातो. बऱ्याच वर्षांच्या डायबिटीसमध्ये तळपायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि पाय नेमका कुठल्या पेडलवर आहे हे कळत नाही. गाडी ताशी ४० किलोमीटरने जात असेल तर एका सेकंदात ती ११ मीटर पुढे जाते. एक सेकंद उशीर म्हणजे झेब्रा क्रॉसिंग पार करून पलीकडे.

औषधं. झोपेच्या गोळ्यांचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. सर्दी-खाजेच्या काही साध्या गोळ्यांनीही गुंगी येते. बीपीच्या औषधाचा डोस बदलला की सुरुवातीचे काही दिवस चक्कर येऊ शकते. औषधं घेताना डॉक्टरांना आणि केमिस्टला एकच प्रश्न विचारायचा: "ही घेऊन गाडी चालवली तर चालेल का?"

शुगर आणि रोजे. इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची शुगर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणं. रमजानमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो तो इफ्तारच्या आधीच्या दोन तासांत, आणि नेमकं त्याच वेळी घरी पोचायच्या घाईत रस्ते भरलेले असतात. शुगर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असं डायबिटीसचे तज्ज्ञ सांगतात, आणि आजारी माणसाला सवलत आहे हे आपल्याला ठाऊक आहेच. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना सांगितलं जातं की शुगर ९० च्या वर असेल तरच गाडीला हात लावायचा, आणि खाली गेली असेल तर ती ठीक झाल्यावरही पाऊण तास थांबायचं. हा नियम आपणही पाळावा. रमजान सुरू व्हायच्या महिनाभर आधी डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा ठरवून घ्या, आणि त्या महिन्यात असर ते मगरिब गाडी बंद असं घरात ठरवून टाका.

स्मरण. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं, आणि ३० वर्षं येण्या-जाण्याच्या रस्त्यावर चुकणं वेगळं. दुसरं दिसलं तर ते गाडीपुरतं राहत नाही, मेंदूच्या डॉक्टरकडे जायला हवं. डिमेन्शियाची सुरुवात असलेल्या माणसाला आपलं काही चुकतंय हेच जाणवत नाही, म्हणून "ते म्हणतात मी ठीक आहे" याला इथे अर्थ राहत नाही.

आपल्या उपनगरांतले रस्ते

गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर जे जमतं ते एलबीएस मार्गावर किंवा एस. व्ही. रोडवर जमेलच असं नाही. इथे रिक्षा डावीकडून पुढे जाते, दुचाकी दोन गाड्यांच्या फटीतून निघते, डिलिव्हरीवाली मुलं उलट्या दिशेने येतात. फेरीवाले फुटपाथवर, माणसं रस्त्यावर. सेकंदाला चार निर्णय घ्यावे लागतात, आणि वयाबरोबर सर्वांत आधी मंदावतं ते हेच.

शिवाय ओळखीचे रस्ते ओळखीचे राहिलेले नाहीत. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि दुसरी मे २०२५ मध्ये सुरू झाली. मेट्रोच्या कामांनी ठिकठिकाणी बॅरिकेड आणि वळणं बदलली. पावसात अंधेरी सबवे भरला की ऐन वेळी दुसरा रस्ता शोधावा लागतो. सवयीवर गाडी चालवणाऱ्या माणसाला बदललेला रस्ता फार जड जातो.

पार्किंगचंही तेच. जुन्या बिल्डिंगांच्या आवारात मुलं खेळत असतात आणि गाडी तिथेच मागे घ्यायची असते. उपनगरातल्या घरांनी सर्वांत आधी काळजी करायची ती हायवेची नाही, या आवाराची.

लक्ष ठेवायच्या खुणा

महिनाभर शांतपणे बघा. शक्य असेल तर शेजारच्या सीटवर बसून दोन-तीन फेऱ्या करा, आणि तोंडातून शब्द काढू नका. खाली दिलेल्या गोष्टी कुठेतरी लिहून ठेवा, तारखेसह.

- गाडीवर, बंपरवर, पार्किंगच्या खांबावर नवे ओरखडे.
- "हा एकदम कुठून आला?" असं वारंवार म्हणणं.
- सिग्नल किंवा वळण लक्षात न येणं, इंडिकेटर चालू राहणं.
- विनाकारण ब्रेक, किंवा हायवेवर फारच हळू चालवणं.
- लेन सरळ न राहणं, वळताना फूटपाथला चाक लागणं.
- मागचे सतत हॉर्न वाजवतात आणि त्याचं कारण कळत नाही.
- क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर यात गोंधळ, एकदाही झाला तरी.
- ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं.
- स्कूटर थांबवताना तोल जाणं, स्टँडवर लावता न येणं.
- घरातली माणसं त्यांच्या गाडीत बसायचं टाळतात.

शेवटची खूण सर्वांत खरी. सून मुलांना दादांच्या गाडीत बसवत नसेल, तर घराने निर्णय आधीच घेतला आहे, फक्त तो दादांना सांगितलेला नाही. आणि रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या मुलांना तर तो माहीतही नाही.

एखादी खूण एकदा दिसली तर डोळे, कान, औषधं तपासा. तीन-चार खुणा परत परत दिसल्या तर थांबायची वेळ आली आहे. पेडलचा गोंधळ, वाट चुकणं किंवा गाडीत भोवळ येणं यातलं काहीही झालं, तर डॉक्टर "हो" म्हणेपर्यंत गाडी बंद.

बाहेरच्या देशांतल्या दोन घटना

१७ जानेवारी २०१९ रोजी इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळून उलटली. त्यांचं वय तेव्हा ९७ होतं. दुसऱ्या गाडीतल्या दोन बायका जखमी झाल्या, त्याच गाडीतलं नऊ महिन्यांचं बाळ वाचलं. खाली उतरलेल्या सूर्याने डोळे दिपले, असं त्यांनी सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांनी स्वतःहून लायसन्स परत केलं. संध्याकाळी अंधेरीहून वर्सोव्याकडे गाडी चालवणाऱ्यांना हा सूर्य चांगला माहीत आहे.

त्याच वर्षी १९ एप्रिलला टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली एक आई आणि तिची ३ वर्षांची मुलगी गेली. गाडीत बिघाड होता असं चालकाचं म्हणणं होतं. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला असा निष्कर्ष कोर्टाने काढला आणि २०२१ मध्ये ५ वर्षांची कैद सुनावली. त्या वर्षी जपानमध्ये सुमारे ६ लाख लोकांनी आपणहून लायसन्स परत केलं.

जपानची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. ७५ वर्षांवरच्यांना नूतनीकरणाआधी स्मरण आणि समज यांची चाचणी द्यावी लागते. आणि जो लायसन्स परत करतो त्याला एक प्रमाणपत्र मिळतं, ते दाखवल्यावर अनेक ठिकाणी बस आणि टॅक्सीत सवलत मिळते. म्हणजे काही काढून घेतलं तर बदल्यात काही दिलं जातं, मानाने दिलं जातं. आपल्याकडे सरकारची अशी योजना नाही, पण घराची असू शकते.

एकदम नको, पायरी-पायरीने

आजपर्यंत सगळीकडे जाणाऱ्या माणसाला उद्यापासून घरात बसा म्हणणं चुकीचं आहे, आणि गरजेचंही नाही. गंभीर खूण नसेल तर हळूहळू कमी करता येतं.

पहिली पायरी: रात्र आणि पाऊस बंद. फजर आणि इशासाठी चालत किंवा कुणासोबत. तरावीहनंतर गाडी नाही.

दुसरी पायरी: दोन्ही एक्स्प्रेस हायवे, जेव्हीएलआर आणि गर्दीची वेळ बंद. सकाळी ११ ते दुपारी ४ या वेळेत जवळची कामं.

तिसरी पायरी: नातवंडांना घेऊन गाडी नाही. दुचाकीवर तर अजिबात नाही. या वयात स्कूटरवरून नुसतं पडलं तरी खुब्याचं हाड मोडू शकतं, आणि त्यानंतर कित्येक जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. म्हणून दुचाकी कारच्या आधी सुटायला हवी.

चौथी पायरी: ठरलेली तारीख. लायसन्सची मुदत संपते ती तारीख त्यासाठी चांगली. "७३ ला संपतंय, पुढे नको" हे दोन वर्षं आधी ठरलं तर मनाची तयारी होते.

किल्ली मागण्याआधी सोय

गाडी सुटली की माणूस कुठे कुठे अडणार आहे, याची यादी करा. जुम्मा, दवाखाना, बँक, बाजार, बहिणीचं घर, मयत आणि लग्नं, गाव. प्रत्येकापुढे लिहा: कसं जाणार, कोण नेणार, किती खर्च. बऱ्याच घरांत अम्मी कुठेही जायच्या त्या अब्बांच्याच गाडीतून. अब्बांची गाडी थांबली की दोघांचं जाणं थांबतं, म्हणून अम्मींची यादी वेगळी करा.

रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. म्हणजे ५ किलोमीटरला साधारण ८६ रुपये. महिन्यात अशा २० फेऱ्या केल्या तरी १,७०० रुपयांच्या आसपास. आता गाडीचा विमा, सर्व्हिसिंग, पार्किंगचे पैसे आणि पेट्रोल यांची बेरीज करून १२ ने भागा आणि दोन आकडे शेजारी ठेवा. हिशोब अब्बांनाच करायला द्या. "रिक्षा परवडत नाही" हे बहुतेक वेळा त्या कागदावरच मिटतं. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या पुढे शहरात जात नाही, तिकडच्या दवाखान्यासाठी टॅक्सी धरून हिशोब करा.

मेट्रो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर लाईन ८ जून २०१४ पासून सुरू आहे. दहिसर ते डी. एन. नगर आणि दहिसर ते गुंदवली या दोन लाईन २०२२-२३ मध्ये सुरू झाल्या, त्यामुळे बोरिवली-कांदिवलीहून अंधेरी सोपं झालं. या दोन लाईनवर ६५ वर्षांवरच्यांना मासिक पासमध्ये २५ टक्के सवलत मे २०२३ पासून लागू झाली. मरोळ नाक्याला भूमिगत मेट्रो ३ मिळते, ती ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत जाते. स्टेशनांत लिफ्ट आहेत. पहिल्या दोन-तीन वेळा नातवाला सोबत पाठवा. तिकीट कसं काढायचं, लिफ्ट कुठे, गाडी कुठे बदलायची हे एकदा कळलं की भीती जाते.

बेस्ट. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं १० रुपये, एसीचं १२. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात. गर्दीची वेळ टाळली तर जवळच्या अंतराला बरी.

एसटी. गाव रत्नागिरी, रायगड किंवा कुठेही महाराष्ट्रात असेल, तर ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून वयाची अट नसताना अर्धं तिकीट. गावाला स्वतः गाडी चालवत न्यायचा हट्ट या एका माहितीने सुटू शकतो.

घरची माणसं. "कधीही सांगा, नेईन" हे वाक्य कामाचं नाही, कारण रोज मागायला कुणालाच आवडत नाही. त्यापेक्षा "शनिवार सकाळ तुमची, १० ला मी खाली गाडी घेऊन उभा" असं ठरवा आणि पाळा. बिल्डिंगमधले चार ज्येष्ठ मिळून महिन्यातले काही दिवस ड्रायव्हर ठेवू शकतात. जुम्म्याला एकाच मशिदीत जाणाऱ्यांनी एकमेकांना घेऊन जाणं तर अगदी सोपं आहे.

बोलायचं कसं

एकाने बोलावं, सगळ्यांनी मिळून नव्हे. चार मुलं समोर बसली की ती चौकशी वाटते. बोलणारा तो असावा ज्याचं ते ऐकतात. पुष्कळदा तो मुलगा नसतो, मुलगी असते, धाकटा भाऊ असतो, किंवा त्यांच्याच वयाचा मित्र, ज्याने स्वतः गाडी सोडली आहे. गाडीत बसून हा विषय काढू नका, जेवणाच्या दस्तरखानवर पाहुण्यांसमोर तर नकोच.

"तुम्हाला आता जमत नाही" असं सुरू केलं की पुढचं ऐकलं जात नाही. त्यापेक्षा, "अब्बा, परवा तुम्हीच म्हणालात की रात्री लाईटचा त्रास होतो. डोळे दाखवून येऊ या, तोवर रात्रीचं मी नेतो." यात त्यांचंच म्हणणं आहे, एक काम आहे आणि एक सोय आहे. ऑफिसात, कारखान्यात, आखातात आयुष्य काढून या माणसाने पहिली गाडी घेतली तेव्हा पूर्ण मोहल्ला बघायला आला होता. ती किल्ली देणं म्हणजे काय, हे समजून बोललं तर पन्नास टक्के काम होतं.

डॉक्टरांची मदत घ्या. मुलाने म्हटलं तर अपमान, डॉक्टरांनी म्हटलं तर सल्ला. अपॉइंटमेंटच्या आधी डॉक्टरांना खुणांची यादी लिहून द्या, आणि सल्ला कागदावर लिहून मागा.

पोटासाठी चालवणारे

आपल्या समाजात रिक्षा, टॅक्सी, टेम्पो चालवणारे खूप आहेत. तिथे थांबणं म्हणजे कमाई थांबणं, म्हणून बोलणं आणखी लांबतं. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळेच शेवटची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. चालवणाऱ्याला मात्र तशी मर्यादा नाही. व्यवसायाच्या लायसन्सचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी होतं, तेवढंच.

अशा घरांनी पन्नाशीतच हिशोब मांडायला हवा. आधी रात्रपाळी सोडायची, मग दिवसाचे तास कमी करायचे, आणि परमिट स्वतःचं असेल तर गाडी दुसऱ्या चालकाकडे देऊन रोजचं ठरलेलं भाडं घ्यायचं. राज्य सरकारने रिक्षा-टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ स्थापन केलं आहे, तिथे नोंदणी वेळेत करून घ्यावी. आणि घरात कमावता मुलगा असेल तर पहिली जबाबदारी त्याची. वडील ७० व्या वर्षी फक्त घरखर्चासाठी रिक्षा चालवत असतील, तर त्यांच्या नजरेवर बोलण्याआधी घरखर्चावर बोलायला हवं.

ऐकतच नसतील तर

साध्या विस्मरणाच्या माणसाशी बोलत राहावं. पण डिमेन्शिया आहे, फिट येते, भोवळ येते आणि तरीही किल्ली सोडत नाहीत, तिथे त्यांच्या मनधरणीत दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो. अशा वेळी किल्ल्या घरात ठेवू नका, गाडी दुसऱ्या नातेवाईकाकडे हलवा. तेही जमत नसेल तर डॉक्टरांच्या कागदासह आरटीओकडे लेखी अर्ज करता येतो, कलम १६ त्यासाठीच आहे. अंधेरीकरांसाठी एमएच-०२, बोरिवलीसाठी एमएच-४७, आणि मुलुंड-घाटकोपरसाठी वडाळ्याचं एमएच-०३ कार्यालय.

गाडी विकताना

गाडी गेली म्हणजे काम संपलं असं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. राज्यातल्या राज्यात विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कागदावर ज्याचं नाव आहे त्यालाच मालक धरलं जाईल आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. भाच्याला किंवा पुतण्याला अशीच दिली असेल तरी नाव बदलून घ्या.

गाडी लगेच विकलीच पाहिजे असंही नाही. काही घरांत ती खाली उभी असते, मुलगा चालवतो, अब्बा पुढच्या सीटवर बसतात आणि रस्ता तेच सांगतात. ज्यांना तेवढ्याने बरं वाटतं त्यांच्यासाठी ती वर्षभर उभी राहू द्यावी.

या आठवड्यात प्रत्येक घराने तीन कामं करावीत: लायसन्सची तारीख बघावी, २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचायला सांगावी, आणि शनिवारची सकाळ कुणाची ते ठरवावं. बाकीचं बोलणं त्यातून निघेल.